हाशाचे पाय

कळव्याच्या मिठागरात मीठ पिकलं की नाही, हे हाशाचा तळपाय सांगायचा. त्यानं वाफ्यात पाऊल टाकून “टोचलं” म्हटलं, की माणसं मीठ ओढायची. बायको गेल्यापासून त्याचं सारखं हुकत होतं. मुकादमानं भगत आणला. “बायकोच बसलीय तुझ्या पायांत,” भगत घुमत म्हणाला. “तिला बाटली दाखव, सोडेल.” राणीसरकारच्या परवान्याच्या गुत्त्यावरची दारूची बाटली आलीसुद्धा. हाशा भडकला. “जन्मात थेंब चाखला नाही तिनं!” “मग पाय मेले कशानं रे?” भगतानं विचारलं. “या बाटलीनं! पीत गेलो तसे मरत गेले. दोन वर्षं निखारासुद्धा कळत नाही. माझी चांगुणा आत्ता शिमग्यात गेली. तोवर वाफ्यात आधी तीच उतरायची. तिनं मान हलवली, की मी ‘टोचलं’ म्हणायचो.” मुकादम चमकला. “मीठ ती बघायची?” “तीच. उद्यापासून दुसरा बघा. पण तिला भूत म्हणाल, तर जीभ हासडीन.”