नवखी

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या वेबसाइटवर नवशिक्यांसाठीच्या स्वाध्यायांच्या सूचना तो सांभाळायचा. पायथन, जावा अशा चार संगणकी भाषांत तोच स्वाध्याय असायचा. एकीकडे सूचना बदलली की इतरत्रही बदलावी लागे. ‘नवखी’ नावाने कुणीतरी पुन्हा लिहिलं, “जावात सूचनेप्रमाणेच केलंय, तरी चूक दाखवतंय.” त्याने न बघताच ऑफिसच्या नावाने उत्तर ठोकलं, “हे तुमच्या आवाक्याबाहेरचं आहे. नाद सोडा.” सहकारी पोट धरून हसला. घरी जेवताना बायको म्हणाली, “तुला चकित करायला तुमच्या साइटवर चोरून शिकत होते. आज कुणीतरी नाद सोडा म्हणालं.” हातातला घास त्याने ताटात ठेवला. उठून त्याने लॅपटॉप उघडला. पायथनची सूचना बदलताना जावाची तशीच राहिली होती. ती गुपचूप बदलली. “पुन्हा करून बघू का?” तिने विचारलं. लॅपटॉप मिटत तो म्हणाला, “कशाला? त्यांना कळतं त्यातलं.”