डाव्या मुठीचं पिस्तूल

"हे पिस्तूल तुझ्या कामाचं नाही, पोरी," नेमबाजी सोडलेले कारंडे सर म्हणाले. "मी डावखुरा. त्याची मूठही डाव्या हातासाठीच घडवलेली. म्हणून तर अर्ध्या किमतीतसुद्धा कुणी नेत नाही."

नवं एअर पिस्तूल आम्हाला परवडणारं नव्हतं. क्लबातलं एकच पिस्तूल आम्ही सगळ्या पोरी आळीपाळीनं वापरायचो. तेवढ्या सरावावर राज्य स्पर्धा होत नाही. खानावळीत चपात्या लाटून आईनं जमवलेले पैसे तिच्या पिशवीत होते. मी रिकाम्या हातानं घरी जाणार नव्हते.

मी उजवा हात पुढं केला. लाकडी मूठ तळव्यात बसेना, अंगठा कुठं ठेवावा कळेना. तरी दात आवळून मी भिंतीवरच्या टार्गेटवर नेम धरला. नळी थरथरतच राहिली.

"जमेल," मी म्हणाले. "सवय करेन."

आई माझ्या हाताकडं बघत होती. लहानपणी मी प्रसादाला डावा हात पुढं केला की ती त्यावर फटका मारायची. डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायची. लिहिणं, जेवणं, नेमबाजीसुद्धा मी उजव्याच हातानं शिकले होते.

तिनं पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं. मला वाटलं, आता सरांना परत देणार.

तिनं ते माझ्यासमोरच धरलं.

"त्या हातानं नको," ती म्हणाली. "तुझ्या हातानं घे."