सुनेच्याच हातात

काळी म्हणून चार ठिकाणी नाकारलेली गोदा अखेर पोखर्णीला उजवली. वर्षातच कबूल केलेल्या सोन्यावरून सासरच्यांनी तिच्या मायला, नर्मदाबाईला, दार बंद केलं. पण माय कशी राहील? दर सोमवारी सोनपेठच्या स्टँडवर धपाट्यांचा डबा कंडक्टरच्या हाती देऊन ती बजावायची, "थांब्यासमोरच निळं दार हाय, दारात शेवगा. सासू आली तर देऊ नको बाबा, त्या घरच्या सुनेच्याच हातात दे."

डबा घासूनपुसून परत यायचा. नर्मदाबाई तो उराशी धरायची.

आज तिनं भीतभीत विचारलं, "माजी लेक बरी हाय ना?"

"लय मजेत हाय, मावशी!" कंडक्टर म्हणाला.



"पण तुमच्यावर न्हाई गेली बगा. गोरीपान हाय."