अध्यक्षांचा नवा मॅक

“याला उजवं बटणच नाही,” अध्यक्ष म्हणाले. “दाबून दाबून बोट दुखलं. फसवलं त्या दुकानवालीनं.”

“दोन बोटांनी दाबा,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

दाबलं. यादी उघडली. अध्यक्षांनी आपल्यालाच सुचलं असा चेहरा केला.

मॅक घरात आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या दाढीवाल्या इंजिनियरमुळं. सोसायटीच्या मागच्या बैठकीत त्यानं आपला चकचकीत मॅक लॅपटॉप उघडून पाण्याच्या पंपाची रंगीत चित्रं दाखवली होती. अर्धी इमारत माना डोलवत बसली. आणि निवडणूक महिन्यावर आलेली. अध्यक्षांना खुर्चीत बसून अठरा वर्षं झाली होती, नोकरी संपून सात. खुर्ची गेली तर सकाळी आंघोळ करून जायचं कुठं, हा खरा प्रश्न होता. म्हणून दुसऱ्याच दिवशी ते दुकानात गेले आणि तसलाच मॅक घेतला, एक माप मोठा.

दुकानवालीनं सोबत सॉफ्टवेअरची यादी दिली होती. चित्रं काढायचं, सिनेमा जोडायचं, गाणी बनवायचं.

“घेऊन टाकू सगळी,” अध्यक्ष म्हणाले. “दाढीवाल्याकडे असणारच.”

“सिनेमा कुणाचा काढायचाय? गळक्या टाकीचा?”

बायकोनं तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेलं. हात पुसत आली, खुर्ची ओढली, यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं: पत्रं, तक्रारींचा तक्ता, नोटिसा.

“काम एवढं आहे. आधी काम, मग सॉफ्टवेअर. लिहायला पेजेस, तक्त्याला नंबर्स. दोन्ही फुकट आहेत. बाकीचं राहू द्या दुकानात.”

“आणि मराठी?”

तिनं सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडला. पहिल्या ओळीत जोडाक्षरं फुटली, दुसरीत जुळली. चौथ्या ओळीला तिची बोटं अशी सुटली की अध्यक्षांनी चहाचा कप जरा लांब सरकवला.

“हे बघा,” ती म्हणाली. “तुम्ही वरचा लाल ठिपका दाबता ना, त्यानं नुसती खिडकी बंद होते. प्रोग्राम चालूच राहतो. अकरा उघडे ठेवलेत तुम्ही. खालच्या चित्रांखाली ठिपके दिसतात का?”

“ते मला डिझाइन वाटलं.”

“वाटेल. चला, तक्रारी सांगा.”

अध्यक्षांनी सांगितल्या. अठरा वर्षांच्या त्यांना तोंडपाठ होत्या, सोडवल्या नसल्या तरी. लिफ्ट, गच्चीची गळती, जिन्यातला दिवा. तिनं तक्ता मांडला: कुणाची, कधीची, कुणाला सांगायचं. मग लिफ्टवाल्या कंपनीला असं पत्र लिहिलं की वाचताना अध्यक्षांनाच घाम फुटला.

“खाली सही तुमची,” ती म्हणाली. “निवडणूक तुमची आहे.”

अध्यक्षांनी झोकात सही ठोकली.

चौथ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. आठव्या दिवशी जिन्यात दिवा लागला. गच्चीवर माणसं चढली, डांबराचा वास सुटला. अध्यक्ष रोज खाली-वर नुसते हिंडायचे, कौतुक गोळा करत. भेटेल त्याला म्हणायचे, “मॅक घेतला. जमाना बदललाय.”

लोक दारावर यायला लागले. “वहिनी आहेत का?” असं विचारायचे. अध्यक्षांना बरं वाटायचं. मोठ्या माणसाचा वेळ मोडू नये, एवढी समज आली म्हणायची इमारतीला. ते पेपर उघडायचे आणि आत हाक मारायचे, “अगं, पाचव्या मजल्यावरची आजी आलीय. नळाचं म्हणतेय. तक्त्यात घे.”

दाढीवालासुद्धा एकदा आला. तासभर बसून नंबर्समध्ये पाण्याच्या वेळा कशा लावल्या ते बघून गेला. जाताना म्हणाला, “काका, मानलं.”

“पाया पडायचाच राहिला,” अध्यक्ष दार लावत म्हणाले. “मैदान मारलं.”

इमारतीची मतदानाची पद्धत साधी. उमेदवार वगैरे भानगड नाही. चिठ्ठीवर इमारतीतल्या कुठल्याही प्रौढ माणसाचं नाव लिहायचं आणि डब्यात टाकायचं. ही पद्धत अध्यक्षांनीच आणली होती. उगाच कुणी समोर उभं राहून तोंड कडू करायला नको.

मतदानाच्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. भाषण बायकोनं टाइप करून दिलं होतं, मोठ्या अक्षरात, चष्मा लागू नये म्हणून. चिठ्ठी लिहायला घेतल्यावर मन मोठं झालं. आपला विजय तर ठरलेलाच. त्यांनी चिठ्ठीवर दाढीवाल्याचं नाव लिहिलं. बिचाऱ्याला एक तरी मत पडू दे.

चाळीस चिठ्ठ्या. पोस्टातून निवृत्त झालेले काका वाचायला बसले.

“वहिनी,” पहिली.

अध्यक्ष हसले. कुणीतरी गंमत केली.

“वहिनी. वहिनी. अध्यक्षांकडच्या वहिनी. टायपिंगवाल्या वहिनी.”

दहाव्या चिठ्ठीला अध्यक्षांनी भाषण खिशात घातलं. विसाव्याला टाळ्या सुरू झाल्या. आजी काठी आपटत होती, दाढीवाला शिट्टी मारत होता. बायको मागच्या खुर्चीत तोंडाला पदर लावून बसली होती. हे कुठून आलं, तिलाही कळेना.

“वहिनी अडतीस,” काकांनी निकाल सांगितला. “इंजिनियर एक. अध्यक्ष एक.”

“घ्या,” मागून कुणीतरी म्हणालं. “स्वतःचं मत तरी स्वतःला पडलं.”

हॉल खदखदला. अध्यक्षांनी टेबलावरची ती एक चिठ्ठी उचलली. हातानं लिहिलेली नव्हती. घरून टाइप करून, छापून, नीट कापून आणलेली होती, आणि नावाआधी ‘माननीय’ लावलेलं होतं.