अर्ध्या बोटांचे हातमोजे

फौजेची ऑर्डर आली : हातमोजे पाचशे जोड, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट अर्ध्यात कापून. कारखान्याच्या मास्तरांनी चिठ्ठी वाचून दाखवली आणि ते कापड मोजायला गेले.

शिलाई खात्यातल्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. "म्हणजे खरंच आहे तर," अंगठे जोडणारी मावशी म्हणाली. "शत्रूचे लोक आपल्या माणसांना पकडतात, लिहायची दोन बोटं तोडतात आणि सोडून देतात."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत राईचा पर्वत झाला. एकीच्या भाच्याने बोटांनी भरलेली पोती पाहिली होती. भाचा जन्मात गावाबाहेर गेला नव्हता, पण तो विषय कुणी काढला नाही.

बारकीचा नवरा आघाडीवर होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. तिचा डबा रोज निम्मा परत जायचा. आज ती पोटभर जेवत होती. "तरीच," ती म्हणाली. "बायकोला दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेईल असा नाही तो."

मास्तर दारातून जाताना तिने विचारलं, "मास्तर, कापलेल्या बोटांची तोंडं शिवून बंद करायची, की उघडी ठेवायची?"

ते विचारायचं राहिलंच होतं. मास्तरांनी फोन लावला आणि परत येऊन म्हणाले, "उघडी. वायरलेसची बटणं फिरवायला बोटं मोकळी लागतात त्यांना."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "तुझ्या भाच्याने बटाट्याची पोती पाहिली असतील गं," कुणीतरी म्हणालं आणि बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मावशीही हसली.

बारकीचा घास हातातच राहिला. "मग तो पत्र का लिहीत नाही?"

हसणं थांबलं. मावशीने दोरा दाताने तोडला.

"अगं वेडे, ही धडधाकट माणसांची ऑर्डर. तुटलेल्या बोटांचे बंद हातमोजे दुसऱ्या कारखान्यात शिवत असतील. दोन्ही कामं एकाच कारखान्याला कशाला देतील?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"तसं ऐकलंय खरं," ते म्हणाले.

बारकीने हातातला घास तोंडात घातला.

"दोनच बोटं ना," ती म्हणाली. "डाव्या हाताने लिहायला शिकवीन मी त्याला."