ताईचा निरोप

लेकीचे दिवस भरलेत आणि ती सातासमुद्रापार. "ताईचा निरोप थेट पडद्यावर येईल," म्हणत धाकट्यानं सकाळीच फोनची तार युनिक्सच्या कॉम्प्युटरला जोडली. तेव्हापासून ते मॉडेमचं डबडं नुसतं किंचाळतंय.

"कनेक्शन लागत नाहीये गं आई, ड्रायव्हर बदलून बघतो."

"दारात गाडी नाही आणि ड्रायव्हर कसले बदलतोस, मेल्या? तार सोड, मी साधा फोन लावते."

"पाचच मिनिटं!"

त्याच्या पाच मिनिटांत माझा स्वयंपाक झाला, भांडी घासून झाली, जीव मात्र टांगलेलाच. तेवढ्यात शेजारीण धापा टाकत दारात.



"अहो, सकाळपासून तुमचा फोन एंगेज, म्हणून लेकीनं आमच्याकडे केला, नात झाली, अख्ख्या गल्लीला कळलं, तुम्हीच तेवढ्या राहिलात!"