तापलेला चेहरा

शुभांगीनं तव्यावर भाकरी टाकली तशा शेजारच्या काशीबाई पुढे सरकल्या. "अजून थोडी वाक ना, बाळा."

शुभांगीचा चेहरा भाजला, तेव्हा डॉक्टरांनी तिला काशीबाईंच्या वारलेल्या मुलीच्या, रेवतीच्या, चेहऱ्यावरची कृत्रिम त्वचा बसवली होती. ती थर्मोप्लास्टिक होती. तापली की मऊ व्हायची, साच्यात निवली की घट्ट. पण जुना आकार ती विसरली नव्हती.

शुभांगी वाकली. गाल ओघळले, नाक सरळ झालं, हनुवटीवर खळी उमटली.

"रेवू, जेवलीस का गं?" काशीबाईंनी तो चेहरा ओंजळीत धरला.

एरवी त्या गेल्या की शुभांगी त्यावर स्वतःच्या चेहऱ्याचा साचा दाबायची. आज त्या असतानाच तिनं तो दाबून पाहिला, पण बसेना. घाबरून तिनं डॉक्टरांना फोन केला.

"सारखं तापवलंत? मग रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेल्या. आता ती थर्मोसेट झाली. पुन्हा मऊ होणार नाही."

इतक्यात तिचा नवरा कामावरून आला आणि दारातच थबकला. "ताई, शुभांगी आत आहे का?"

ती बोलणार, तोच काशीबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "नाही हो. इथं आम्ही मायलेकीच आहोत."